डबी इरिडियमची, आत साधे प्लग

भरलेली गाडी चढाला लागली की इंजिन मिसिंग मारायचं (मधूनच एखाद्या सिलिंडरमधलं मिश्रण पेटायचं नाही), रिकामी असली की काही तक्रार नाही. आमचा ट्रक सीएनजीवर चालतो (डिझेलवाल्यांनी पुढचं सोडून दिलं तरी चालेल, त्यांच्या इंजिनात स्पार्क प्लगच नसतो). इरिडियम प्लगचा (मधल्या टोकाला इरिडियम धातू असलेल्या प्लगचा) सेट नुकताच बदललेला, त्यामुळे प्लगवर कोणाचा संशय गेला नाही. आधी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज देणारी) बदलली, मग इंजेक्टर साफ झाले, फरक शून्य. शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने सगळे प्लग खोलले, फडक्यावर ओळीने मांडले आणि माझ्या हातात भिंग दिलं.

खऱ्या इरिडियम प्लगचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं, साधारण ०.४ ते ०.६ मिमी, आणि वेल्डिंगचा जोड गोल, एकसारखा. आमच्या प्लगना जाड निकेलचं टोक घासून बारीक केलेलं होतं, तेही एका बाजूला कललेलं. आट्यांना खरखर. वॉशर बोटाने ओढला तर निघून हातात आला. असली प्लगचा वॉशर असा सहज निघत नाही. मल्टिमीटर लावला तर रेझिस्टन्स जवळजवळ शून्य. डबीवरच्या नंबरात आर होता, म्हणजे आत रेझिस्टर हवा आणि मीटरवर काही हजार ओहम दिसायला हवेत.

यापेक्षा मला राग आला तो विकताना ऐकवलेल्या एका वाक्याचा. मी फिलर गेज (गॅप, म्हणजे मधलं टोक आणि बाहेरची पट्टी यांतलं अंतर, मोजायचं साधन) मागितला तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "साहेब, गॅप कंपनीतूनच सेट होऊन येतो, हात लावाल तर टोक तुटेल." हे अर्धं खरं आहे, म्हणून तर पटतं. बारीक टोकाच्या प्लगमध्ये नाण्यासारखा गोल गेज दाबून घुसवला तर टोक खरंच मोडतं. पण तारेचा गेज हलक्या हाताने फिरवून मोजायला कोणाची हरकत? मोजू न देण्यातच त्याचा फायदा होता. आमच्या इंजिनाच्या पुस्तकात ०.७ मिमी गॅप दिलाय. सेटमधला एक तेवढा भरला, दुसरा ०.९, आणि एकात १ मिमीची तार सैल जात होती.

चढावरच का मिसिंग, तेही इथेच कळलं. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. सीएनजीला ते पेट्रोलपेक्षाही जास्त लागतं, म्हणून गॅसच्या गाडीत गॅप सहसा कमी ठेवतात. गॅप मोठा असला की कॉइल कमी पडते. कॉइल चांगलीच होती, आम्ही उगाच बदलली.

नवे प्लग घ्यायला गेलो तर तिथेही "हा दुसऱ्या कंपनीचा, पण नंबर सेमच" म्हणून एक डबी पुढे आली. इथे सावध राहा. एनजीके या कंपनीच्या नंबरात उष्णतेचा आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर टाकणारा. बॉशमध्ये उलटं, आकडा वाढला की गरम. नुसता आकडा जुळवून गरजेपेक्षा गरम प्लग बसला तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडायची पाळी येते. बदली प्लग घ्यायचाच असेल तर कंपनीच्या तक्त्यात आपलं इंजिन शोधूनच घ्यावा. गॅप जुळवायचा झाल्यास फक्त बाहेरची पट्टी वाकवायची, मधल्या टोकाचा आधार घेऊन अजिबात नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. बिलावर नुसतं "प्लग सेट" लिहिलेलं, पार्ट नंबर नाही, त्यामुळे "हे आमच्याकडचे कशावरून?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता पूर्ण नंबर बिलावर लिहून घेतो, प्लग काउंटरवरच डबीतून काढून मोजतो, आणि मोजायला नको म्हणणाऱ्याकडून घेत नाही.