‘विधीची ढाल’ म्हणून काय विकतात बघा

सिडनीत बंदराजवळच्या एका भेटवस्तूंच्या दुकानात आम्हाला 480 डॉलरला एक आदिवासी ढाल विकली गेली. भावाच्या नाशिकच्या घराच्या वास्तुशांतीला द्यायची होती. शंभर वर्षं जुनी, मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली, मुलांच्या दीक्षाविधीत वापरलेली, असं मालक म्हणाला. सोबत सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र. त्यावर ना कारागिराचं नाव, ना त्याच्या समाजाचं. दिवाळीला घरी जाताना आपल्यातले बरेच जण अशा वस्तू नेतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

संग्रहालयात काम केलेल्या एका ओळखीच्या बाई फोटो बघून आधी हसल्याच. ढालीचा आकार ईशान्य क्वीन्सलंडच्या वर्षावनातला. तिकडे वडाच्या जातीच्या झाडांच्या फळ्यांसारख्या रुंद मुळांतून ढाली कोरत. वयात आलेल्या मुलाला ढाल मिळे, आणि गेरू, पांढरी माती, कोळसा यांनी रंगवलेली नक्षी त्याची आणि त्याच्या कुळाची ओळख सांगे. आमच्या ढालीवर मात्र वाळवंटी ठिपके, तेही अॅक्रिलिकचे! ती चित्रशैली पापुन्या या मध्य ऑस्ट्रेलियातल्या वस्तीत 1971 नंतर बहरली. शंभर वर्षांचा हिशोब तिथेच संपला. मधोमध अंगातली हाडं दिसणारा कांगारू, तो पार उत्तरेकडच्या आर्नहेम लँड प्रदेशातल्या शैलीचा.

वाळवंटातली खरी ढाल आपल्या पांगाऱ्याच्या कुळातल्या झाडाची असते. लाकूड हलकं, आकार लांबट, दर्शनी बाजूवर दगडी वाकसाने पाडलेल्या समांतर खाचा, आणि मागची मूठ त्याच लाकडात कोरलेली. विधीच्या वेळी तिच्यावर नक्षी रंगवत. एरवी भाला लांब फेकायला वापरायच्या लाकडी फळीची कड तिच्यावर घासून विस्तवही पाडत. आमच्या ढालीची मूठ स्क्रूने बसवून वर लांबी (पुटी) भरलेली होती.

त्याहून लबाडीचं म्हणजे मालकाचं निरूपण. प्रत्येक रेघेचा ‘पवित्र अर्थ’ घडाघडा सांगत होता. विधीच्या नक्षीचं बरंचसं ज्ञान दीक्षा घेतलेल्यांपुरतंच असतं, त्यांच्या घरातल्या सगळ्यांनाही ते सांगत नाहीत. मग ते या गृहस्थाला कोण सांगणार? शिवाय खरीच जुनी ढाल असती तर ती देशाबाहेर न्यायला 1986 च्या वारसा कायद्याखाली परवान्याचा प्रश्न आला असता. त्याबद्दल चकार शब्द नाही.

हा धंदा किरकोळ नाही. 2019 मध्ये इंडोनेशियात बनवलेला माल आदिवासींचा म्हणून विकणाऱ्या एका घाऊक कंपनीला फेडरल कोर्टाने 23 लाख डॉलर दंड केला. तरी 2022 च्या सरकारी उत्पादकता आयोगाच्या अहवालानुसार अशा स्मृतिवस्तूंवरचा अर्ध्याहून जास्त खर्च नकली मालावरच होतो.

पैसे परत मागायला गेलो तर मालकाने पावतीवर बारीक अक्षरात छापलेले ‘सजावटीची वस्तू’ हे शब्द दाखवले. राज्याच्या ग्राहक कार्यालयात तक्रार केल्यावर निम्मे मिळाले. तेव्हा दुकानदार जे तोंडी सांगतो, म्हणजे वय, प्रदेश, लाकूड, कारागीर, ते सगळं कार्ड देण्याआधी पावतीवर लिहून मागा. नंतर दुसऱ्या एका दुकानात मी हेच मागितलं, तर त्या माणसाने ‘प्राचीन’ ढाल गुपचूप काउंटरखाली ठेवली.