वाशीचं सीटी सेंटर : फोटो खरखरीत, काम चोख

तुर्भ्याच्या एमआयडीसीत बरीच वर्षं मी वेल्डिंगची रेडिओग्राफी केली, म्हणजे किरणांनी जोडाच्या आतले फोटो काढले. किरणोत्सर्गी इरिडियम १९२ चा सोर्स, फिल्म, खिशाला अंगावर पडलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज. त्यामुळे मुतखड्यासाठी सेक्टर १७ मधल्या या सेंटरला गेलो तेव्हा आधी दारावरचा लाल दिवा पाहिला, मग भिंतीवरचं एईआरबीचं, म्हणजे किरणोत्सर्गाच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाचं, लायसन्स. दोन्ही जागेवर. रिसेप्शनवरच्या मुलीला मी इन्स्पेक्टर वाटलो असणार.

स्कॅन केयूबीचा, किडनीपासून मूत्राशयापर्यंत, इंजेक्शनशिवाय. मशीनवरची टेक्निशियन तरुण, पण हात पक्का. टेबल खालीवर करून लेझरची रेष तिने बरोबर माझ्या कुशीच्या मध्यावर आणली. घाईच्या ठिकाणी नेमकं हेच राहून जातं. एक्स-रेच्या वाटेतला फिल्टर मध्ये पातळ, कडेला जाड असतो. माणूस मध्यावर नसला की पोटाच्या जाड भागाला किरणं कमी पडतात आणि कडेच्या कातडीला जास्त. मग दोन्ही हात डोक्यावर घ्यायला लावले. माझा खांदा आखडलेला, मी कुरकुरलो. ‘काका, हात खाली राहिले तर पोटावर पट्टे येतील,’ म्हणाली. बरोबर आहे तिचं. हाताची हाडं आडवी आली की पलीकडे पोचणारे किरण घटतात आणि ते भरून काढायला मशीन आपोआप करंट चढवतं, म्हणजे किरणांचा डोस वाढतो.

घरी मेहुण्याने सीडी बघून नाक मुरडलं. त्याच्या लिव्हरच्या स्कॅनचे फोटो म्हणे कसे गुळगुळीत, आणि माझ्यात सगळीकडे खरखर. अहो, ती खरखर मुद्दाम ठेवलेली आहे! खरखर, म्हणजे नॉइज, निम्मा करायचा तर डोस चौपट करावा लागतो. सीटीच्या घनतेच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे हजार. लिव्हरमधली गाठ आणि शेजारचं लिव्हर यांत कधी दहा-वीस आकड्यांचाच फरक असतो, तो खरखरीत बुडून जाईल. तिथे डोस द्यायलाच हवा. खडा मात्र शेकड्यांत असतो. कणी भरलेल्या भातातही खडा दाताला लागतोच. इथे खड्यासाठी वेगळी लो-डोस सेटिंग ठेवली आहे, आणि माझे पूर्ण स्टार त्यालाच आहेत.

डोस रिपोर्ट मागितला तर काउंटरवर म्हणाले, ‘असं कुणी मागत नाही.’ टेक्निशियनने मात्र लगेच छापून दिला. डीएलपी, म्हणजे पूर्ण स्कॅनच्या डोसचा मशीनने दिलेला आकडा, १९०. पोटासाठी ०.०१५ ने गुणायचं, म्हणजे शरीराला मिळालेला डोस तीन मिलिसिव्हर्टच्या आत. जगात सरासरी माणसाला वर्षभरात निसर्गातूनच २.४ मिळतात. माझं समाधान झालं.

तक्रार आहे ती सीडीची. त्यात फक्त ५ मिलिमीटर जाडीच्या स्लाइस, म्हणजे पोटाच्या आडव्या कापांची चित्रं, होत्या. जाड स्लाइसमध्ये बारीक खडा आजूबाजूच्या मऊ भागाशी सरासरीत मिसळतो आणि त्याची घनता खोटी कमी दिसते. माझा खडा ७ मिलिमीटरचा, म्हणून निभावलं. पण रिपोर्टात घनतेचा आकडाच नव्हता. यूरोलॉजिस्टला तो हवा होता, कारण हजाराच्या वर गेलेला खडा शॉकवेव्हने, म्हणजे शरीराबाहेरून दिलेल्या धक्कालहरींनी, सहज फुटत नाही. परत जाऊन विचारलं तेव्हा रेडिओलॉजिस्ट बाईंनी पातळ स्लाइसवर मोजून दिला, साडेअकराशेच्या आसपास. न कुरकुरता दिला, हेही लिहायला हवं.

घनतेच्या या आकड्याला नाव आहे ते सीटी स्कॅनर बनवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफिल्डचं. हा डॉक्टर नव्हे, रेकॉर्ड काढणाऱ्या ईएमआय कंपनीतला इंजिनिअर. १९७१ मध्ये लंडनच्या हॉस्पिटलात पहिल्या रुग्णाचा मेंदू स्कॅन झाला तेव्हा चित्र होतं ८० बाय ८० चौकटींचं. त्यावर डॉक्टरांनी गाठ ओळखली, आणि १९७९ मध्ये त्याला नोबेल मिळालं. कारखान्यातल्या माणसाला याचा अभिमान वाटणारच. मेहुण्याला ते ८० बाय ८० दाखवायला हवं.

बाकी एसी कडक आहे, स्वेटर न्या. पार्किंगची आशा धरू नका, स्टेशनवरून रिक्षा करा. आणि पैसे भरतानाच सांगा की पातळ स्लाइस सीडीत हव्यात. नंतर मागितल्या तर नवी सीडी होईपर्यंत बाकावर बसवून ठेवतात.