'बोल्ट जाम झालेत' म्हणून उकळलेले पैसे

खड्ड्यातून गाडी गेली की पुढच्या चाकांपाशी खट्ट असा आवाज यायचा. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांचे, बुश (सांध्यातल्या रबरी गाद्या) गेलेत, हे निदान बरोबरच होतं. दोन्ही बाजूंचे आर्म बदलायचं ठरलं, मजुरीही ठरली. गाडी गॅरेजला सोडून मी कामावर गेले आणि दुपारी फोन आला. "ताई, दोन्हीकडचे बोल्ट जाम झालेत. गॅस मारून, ग्राइंडरने कापून काढावे लागतील. बोल्ट नवे लागतील, मजुरी वाढेल." गाडी खोललेली, मी तिथे नाही. मी 'करा' म्हटलं.

बोल्ट जाम होतात, हे अगदी खरं आहे आणि म्हणूनच ही थाप पचते. आर्मचा बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीतून आरपार जातो. चिखलाचं पाणी त्या फटीत शिरतं, गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे बोल्ट आणि नळी एकजीव होतात. मग नट सुटला तरी बोल्ट निघत नाही. पान्याने फिरवला तर नळीही त्याच्याबरोबर फिरते, रबर पिळतं आणि सोडलं की उलटं परततं. असं झालं तर गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर मुरू द्यायचं, बोल्ट आधी किंचित आवळून मग सोडायचा, घणाचे ठोके द्यायचे. त्यानेही नाही हलला तर गॅसच्या ज्योतीने तापवायचा किंवा करवतीने कापायचा. हे कष्टाचं काम आहे आणि त्याची जास्त मजुरी मागण्यात काहीच वावगं नाही.

मी मात्र न झालेल्या कामाचे पैसे दिले. जुने आर्म मागितले तर "कापताना वाकडे झाले, भंगारात टाकले" असं उत्तर मिळालं. तिथेच मला शंका यायला हवी होती.

आठवड्यात आवाज परत आला. दुसऱ्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली आणि बॅटरीच्या उजेडात मला खाली बोलावलं. डाव्या आर्मवर काळ्या स्प्रेचा ताजा थर होता. त्याने नखाने खरवडल्यावर खाली जुना गंज आणि भेगाळलेलं रबर दिसलं. नट कसल्यावर कारखान्यात नटावरून ब्रॅकेटवर जी रेघ ओढतात, ती पिवळी रेघ सलग होती, तसूभरही सरकलेली नव्हती. या नटाला कुणी पाना लावलेलाच नव्हता. गॅस मारला असता तर आजूबाजूचा रंग करपला असता, ग्राइंडर चालवला असता तर ब्रॅकेटवर चरे दिसले असते. तसलं काहीच नव्हतं.

उजवा आर्म खरोखर नवा होता, पण त्याचा बोल्ट पाहून माझ्या काळजाचा ठोका चुकला. सस्पेन्शनच्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. १०.९ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किमान १००० न्यूटन ताण सोसणारा बोल्ट, साधा ४.६चा बोल्ट ४०० वरच येतो. माझ्या गाडीतल्या बोल्टचं डोकं कोरं होतं. ज्या बोल्टवर पुढचं चाक जागेवर राहतं तिथे असला बोल्ट! शिवाय तो चाकं लोंबकळत असतानाच आवळलेला होता. बुशचा बोल्ट गाडीचं वजन चाकांवर घेऊन शेवटचा कसायचा असतो, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मी पहिल्या गॅरेजला गेले. "पोराकडून राहिलं असेल" एवढंच ऐकायला मिळालं. पैसे परत मिळाले नाहीत.

तुम्हाला असा फोन आला तर 'करा' म्हणण्याआधी जाम बोल्टचा व्हिडिओ मागवा. पाना लावल्यावर रबर पिळताना दिसलं पाहिजे. कापलेले तुकडे आणि जुने आर्म डिकीत ठेवायला सांगा, वाकडे असले तरी. नव्या बोल्टच्या डोक्यावरचा आकडा बसवण्याआधी स्वतः वाचा. शक्य असेल तर गाडी देण्यापूर्वी त्या नटांचे फोटो काढून ठेवा. काम झाल्यावर चाकांची अलाइनमेंट तपासून घ्या. माझी कुणी केलीच नव्हती.

डावा बोल्ट दुसऱ्या मेकॅनिकने माझ्यासमोर काढला. तेल मारलं, थोडं थांबला आणि लांब पान्याला एकच हिसका दिला. नट सुटला, बोल्ट हाताने ओढल्यावर बाहेर आला. आटे स्वच्छ होते.