एनजिनएक्स आणि गुनिकॉर्न, आठ महिन्यांनंतर: अपलोड ६० सेकंदांनी कोण तोडत होतं

आठ महिने झाले हा सेटअप चालवतोय. पुढे होस्टिंगवाल्यांचा लोड बॅलन्सर (आलेल्या रिक्वेस्ट सर्व्हरकडे वळवणारा), मग एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मग पायथन चालवणारा गुनिकॉर्न, आणि त्यामागे लेक्चरची रेकॉर्डिंग अपलोड करायचं आमचं पायथन अ‍ॅप. इन्स्टॉल कसं करायचं ते सगळ्यांना माहितीये, ते लिहीत नाही. फक्त अपलोडबद्दल लिहितो, कारण त्यात माझे तीन आठवडे गेले आणि राग अजून उतरलेला नाही.

पहिले चार महिने काही त्रास नाही. सुरुवातीला ४१३ (फाइल फार मोठी) आला, तो सगळ्यांनाच येतो, एनजिनएक्स मुळात १ एमबीच्या वरची बॉडी, म्हणजे रिक्वेस्टमधला डेटा, घेतच नाही. क्लायंट मॅक्स बॉडी साइज ५०० एमबी केली, विषय संपला. पाचव्या महिन्यात लोक तास-तासाची रेकॉर्डिंग टाकायला लागले आणि सगळ्यांची एकच तक्रार, बार १०० टक्क्यांपर्यंत जातो, तिथेच थांबतो आणि मग एरर.

आधी ५०२ यायचा, म्हणजे एनजिनएक्सला मागून नीट उत्तरच मिळालं नाही. त्याचं कारण गुनिकॉर्नच्या लॉगमध्ये सरळ लिहिलेलं होतं, वर्कर टाइमआउट. सिंक वर्कर (एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) ३० सेकंद गप्प राहिला की मास्टर (गुनिकॉर्नची मुख्य प्रोसेस) त्याला मारतो, आणि आमचं अ‍ॅप फाइल हातात आली की त्याच रिक्वेस्टमध्ये एफएफएमपेग (व्हिडिओवर प्रक्रिया करणारं टूल) चालवायचं, त्याला ७०-८० सेकंद लागायचे. टाइमआउट ३०० केला. मग ५०४ (मागून उत्तर वेळेत आलं नाही) सुरू, बरोब्बर ६० सेकंदांनी. म्हणजे एनजिनएक्सचा प्रॉक्सी रीड टाइमआउट, तोही ३०० केला, रीलोड केलं. तरी ५०४, तरी ६० सेकंद. सेटिंग चुकीच्या ब्लॉकमध्ये पडलं असेल म्हणून एनजिनएक्सच्या कमांडला मोठा टी (-T) देऊन पूर्ण कॉन्फिग छापून बघितलं, ३०० च होतं.

याच दिवसांत मी एनजिनएक्सला मनापासून शिव्या घातल्या. कुणीतरी सुचवलं की रिक्वेस्ट बफरिंग बंद कर, एनजिनएक्स आधी अख्खी फाइल डिस्कवर उतरवतो आणि मग पुढे देतो, त्यात वेळ जातो. पटलं मला, बंद केलं. आणि जे चालत होतं तेही बिघडलं! २ एमबीपीएसच्या लाइनवरून ३०० एमबी यायला २० मिनिटं लागतात, आणि आता ती २० मिनिटं एक सिंक वर्कर त्या एका माणसासाठी अडकून बसायचा. वर्कर चारच. चार जण हळू लाइनवाले एकदम आले की साइटचं साधं पानही उघडेना. टाइमआउट ३०० असल्यामुळे पाच मिनिटांनी वर्कर मारला जायचा आणि त्या माणसाचं अपलोड मधेच तुटायचं.

तेव्हा माझं मत फिरलं. ज्या बफरिंगला मी नावं ठेवत होतो तीच या सेटअपमधली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. हळू माणसाचा भार एनजिनएक्स स्वतःवर घेतो आणि गुनिकॉर्नला आयती पूर्ण फाइल देतो. त्याचा क्लायंट बॉडी टाइमआउटही ६० सेकंद आहे, पण तो पूर्ण अपलोडचा नाही, दोन रीडच्या मधल्या गॅपचा आहे, त्यामुळे २० मिनिटांचं अपलोड त्यात आरामात बसतं. बफरिंग परत चालू केलं. फक्त ज्या डिस्कवर टेंपररी फाइल्स उतरतात तिथे जागा आहे का तेवढं बघा.

मग ६० सेकंद कोणाचे? उत्तर अ‍ॅक्सेस लॉगमध्येच (एनजिनएक्स तिथे प्रत्येक रिक्वेस्टची ओळ लिहितो) पडलेलं होतं, मी बघितलं नव्हतं. ब्राउझरला ५०४ दिसत होता पण एनजिनएक्सने त्या ओळीत ४९९ लिहिलेला. ४९९ म्हणजे उत्तर तयार व्हायच्या आत समोरच्याने लाइन सोडली, आणि एनजिनएक्सच्या समोरचा म्हणजे लोड बॅलन्सर. फाइल येत असताना बाइट वाहत असतात म्हणून तो गप्प, एफएफएमपेग चालू झालं की वायरवर शांतता, आणि ६० सेकंद शांतता झाली की त्याचा आयडल टाइमआउट तोडतो. म्हणून २० मिनिटं टिकणारं अपलोड शेवटच्या मिनिटात मरायचं.

हे होस्टिंगच्या सपोर्टने पहिल्या तिकिटावर सांगायला हवं होतं. पहिल्यांदा म्हणाले रीस्टार्ट करा, दुसऱ्यांदा रॅम वाढवा, तिसऱ्यांदा वरचा प्लॅन घ्या. सर्व्हर निवांत बसलेला असताना मी वरच्या प्लॅनचे पैसे का भरू? चौथ्या तिकिटात ४९९ च्या ओळी चिकटवल्या तेव्हा कुठे कबूल झाले की त्यांच्याकडे ६० सेकंदांची मर्यादा आहे आणि ती बदलता येते.

माझी खरी तक्रार त्या ६० वरच आहे. एनजिनएक्सचा ६०, लोड बॅलन्सरचा ६०, मग घड्याळ लावून तरी कसं कळणार कोणी तोडलं? आता मी प्रत्येक थराला वेगळा आकडा दिलाय, गुनिकॉर्न ११०, एनजिनएक्स १२५, लोड बॅलन्सर १४०. किती सेकंदांनी तुटलं यावरून लगेच कळतं कोण ते, आणि आतला आधी तुटत असल्यामुळे कारण आपल्याच लॉगमध्ये सापडतं. लॉग फॉरमॅटमध्ये रिक्वेस्ट टाइम (एकूण वेळ) आणि अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम (गुनिकॉर्नने घेतलेला वेळ) शेजारी-शेजारी टाकले, पहिला मोठा आणि दुसरा छोटा असेल तर माणसाची लाइन हळू, दोन्ही मोठे असतील तर आपलं अ‍ॅप हळू. तपासायला एक पान बनवलंय जे नुसतं ९० सेकंद झोपतं, आणि हळू लाइनसाठी कर्ल कमांडचं वेग रोखणारं लिमिट रेट.

आणखी एक नुकसान नंतर लक्षात आलं. लाइन तुटली तरी वर्करला ते कळत नाही, तो काम पूर्ण करून रेकॉर्डिंग सेव्ह करतो. माणसाला एरर दिसते, तो पुन्हा टाकतो. एकेक लेक्चर तीन-तीनदा साठलेलं सापडलं, म्हणजे आमची डिस्क आम्हीच भरत होतो.

शेवटी एफएफएमपेग रिक्वेस्टमधून काढून क्यूमध्ये (मागे नंतर करायच्या कामांच्या रांगेत) टाकलं. फाइल आली की २०२ (मिळालं, काम नंतर होईल) देतो, पान दर पाच सेकंदांनी स्टेटस विचारतं. महिना झाला, एकही ५०४ नाही. राहिलंय ते एवढंच की ९० टक्क्यांवर नेट गेलं की परत शून्यापासून, त्यासाठी तुटलं तिथून पुढे अपलोड चालू करणारा टस प्रोटोकॉल लावायला घेतलाय.