प्लास्टिकचे पेव्हर ब्लॉक (नाशिक): ब्लॉक ठीक, बसवणी भिकार

एप्रिलच्या उन्हात अंगणातली ब्लॉकची मधली ओळ वर उचलली गेली आणि विक्रेता फोनवर म्हणाला, "साहेब, खालचा मुरूम बसला असेल." मुरूम बसला तर खड्डा पडतो हो, फुगवटा येत नाही. बघायला माणूस पाठवा म्हटलं, तर व्हिजिट चार्ज वेगळा! सिमेंटच्या ब्लॉकपेक्षा जास्त पैसे मोजून वर हे.

ब्लॉक आहे ६० मिमी जाडीचा, पिशव्या-फिल्म वितळवून वाळूत घोटलेला. वजनाने एक भाग प्लास्टिक, तीन भाग वाळू. ऐकायला वाळूच जास्त, पण प्लास्टिक हलकं असल्यामुळे आकारमानाने ते जवळपास निम्मं भरतं. इथेच सगळा घोळ आहे. काँक्रीट तापलं की मीटरमागे दर अंशाला साधारण ०.०१ मिमी वाढतं. पिशव्यांचं प्लास्टिक दहापटीहून जास्त. मिश्रण दोन्हींच्या मधे, हिशोबाला ०.०६ धरा. नाशिकला जानेवारीच्या पहाटे १० अंश, एप्रिलच्या दुपारी काळा ब्लॉक सहज ६०. म्हणजे सहा मीटरच्या ओळीत १८ मिमी वाढ. काँक्रीटची जेमतेम ३. दोन्ही टोकांना पक्की भिंत असेल तर हे १८ मिमी वरच जाणार.

मिस्त्री लोक हे ब्लॉक सिमेंटच्या ब्लॉकसारखेच बसवतात: थंडीत, एकमेकांना घट्ट भिडवून, कडेला सिमेंटचा माल लावून. बसवायचे असे: खाली ३० मिमी कच (दगडाचा बारीक चुरा), दोन ब्लॉकमधे ३ मिमी फट (टाइल्सचे स्पेसर चालतात), भिंतीपाशी १० ते १२ मिमी मोकळी जागा आणि फटीत चाळलेली कोरडी वाळू. सिमेंट फटीत अजिबात नको. कॉम्पॅक्टर (ब्लॉक दाबून बसवायचं यंत्र) फिरवताना प्लेटखाली रबरी मॅट घाला, नाहीतर कडा उडतात. उचललेली ओळ काढून याच पद्धतीने परत बसवली, भिंतीकडचे ब्लॉक ग्राइंडरने कापले (सावकाश, पातं तापलं की प्लास्टिक चिकटतं), आणि मे महिन्यात काही हललं नाही.

तोवर या ब्लॉकला एक स्टार द्यायचं ठरलं होतं. पावसाळ्याने मत बदललं. आयएस १५६५८ या भारतीय मानकानुसार सिमेंटच्या ब्लॉकने सरासरी ६ टक्क्यांपर्यंत पाणी शोषलेलं चालतं. हा जवळजवळ शोषतच नाही. लोणा नाही, शेवाळ धरलं तरी वरच्यावर, खराट्याने निघतं. ओला असताना मात्र सपाट ब्लॉक घसरतो, म्हातारी माणसं असतील तर खडबडीत साचाच मागा. दिवाळीत अनार थेट ब्लॉकवर लावू नका, वितळून खळगा पडतो. शेगडीचंही तेच.

घेताना वजन करा. २०० × १०० × ६० मिमीचा भरीव ब्लॉक १:३ मिश्रणात सव्वादोन किलोच्या जरा खाली भरतो. १.८ किलो भरला तर आत पोकळ्या आहेत; वाळू ओली घातली की वाफेचे बुडबुडे राहतात. अडीच किलोच्या वर गेला तर वाळू जास्त, कडा भुगा होणार. एक ब्लॉक फोडायला लावा. आत न वितळलेले पांढरे तुकडे दिसले तर पीपी (गोण्यांचं प्लास्टिक) किंवा पेट (पाण्याच्या बाटल्यांचं) मिसळलंय: पिशवीचं प्लास्टिक ११० अंशांच्या आसपास वितळतं, पीपीला १६० लागतात, पेटला २५०. पीव्हीसी तर भट्टीत जायलाच नको, त्यातून आम्लाचा धूर निघतो.

"गोदावरीतून काढलेलं प्लास्टिक" या जाहिरातीसाठी जादा पैसे देऊ नका. नासर्डीतून (गोदावरीला मिळणारी नाशिकची नदी) निघालेल्या पिशवीला गाळ चिकटलेला असतो. तो धुवायचा खर्च मोठा, आणि न धुता वापरली तर चिकणमातीमुळे वाळूला प्लास्टिक धरत नाही. घंटागाडीतला सुका कचरा किंवा द्राक्षबागेवरची जुनी फिल्म यांचा ब्लॉक चांगला होतो. नदीचा फायदा इतकाच की हे प्लास्टिक नाल्यात जायच्या आधी अडतं. म्हणून गाडी जागच्या जागी वळते तिथे हा ब्लॉक लावू नका: टायरने घासून निघालेला चुरा पाइपने अंगण धुतलं की थेट नाल्यात, तिथून गोदावरीत. तिथे सिमेंटचाच बरा.

बिलावर "प्रसरणाची फट सोडून बसवणी" लिहून घ्या, आणि शंभराला पाच ब्लॉक जादा घ्या. साचा बदलला की जुन्या मापाचा ब्लॉक मिळत नाही.

ब्लॉकला साडेतीन स्टार. विक्रेत्याच्या सेवेला अर्धा, तोही फोन उचलला म्हणून.