सोनी एमडीआर-७५०६ : पार्श्वसंगीत ऐकण्यासाठी घेतलेला हेडफोन

मी सोलापुरात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. लग्नं, गणपती, नवरात्र. फर्माईश चार भाषांत येते. मराठी-हिंदी सगळीकडं, शहराच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत, कार्यक्रम असला की तेलुगू आणि अक्कलकोटच्या बाजूला गेलो की कन्नड. गाणं बसवायचं म्हणजे आधी त्यातले पीस, म्हणजे वाद्यांचे तुकडे, ऐकून काढायचे, आणि त्यासाठी बरा हेडफोन लागतोच. पण हाच घ्यायचं ठरलं ते आमच्यातल्या एका वादामुळं.

आमच्या व्हायोलिनवाल्या काकांचं ठाम मत आहे की दक्षिणेतले ज्येष्ठ संगीतकार इलयाराजा यांच्यानंतर सिनेमाच्या पार्श्वसंगीतात कुणी स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिन-चेलोसारखी तंतुवाद्यं, लिहिल्याच नाहीत, आता नुसता दणका असतो. ऑक्टोपॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम, वाजवणारा पोरगा तमिळ सिनेमाचा संगीतकार अनिरुद्धचा भक्त. "काका, हिरोची एंट्री बघून अख्खं थेटर उभं राहतंय की ओ, अजून काय पाहिजे?" तालीम संपली की सात रस्त्याच्या चहाच्या गाड्यावर हे रोज सुरू. माझी अडचण वेगळीच होती. आम्ही सगळे भांडत होतो ते थेटरात जे कानावर आदळलं त्यावर. त्यात वाद्यं कोणती होती, हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं.

आता हेडफोनबद्दल. हे मॉडेल १९९१ पासून बाजारात आहे आणि रेकॉर्डिंग स्टुडिओत, शूटिंगच्या जागी ध्वनिमुद्रकांच्या कानावर ते जगभर दिसतं. कान पूर्ण झाकणारं, आत आवाज काढणारे ४० मिमीचे ड्रायव्हर, वजन वायर सोडून २३० ग्रॅम. वायर स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, ताणली की तीन मीटरपर्यंत जाते, आणि ती काढता येत नाही. टोकाला साधी ३.५ मिमीची पिन, वरून मोठ्या पिनचं अडॅप्टर आट्यांवर फिरवून बसतं, त्यामुळं कीबोर्डला आणि मिक्सरला थेट लागतो. हल्लीच्या बऱ्याच फोनना गोल जॅकच नसतो, तेव्हा टाइप-सीचं छोटं कनेक्टर लागेल. इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ६३ ओहम आहे, पण फोनवरही आवाज पुरेसा येतो, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही. किंमत दहा हजारांच्या आत-बाहेर, म्हणजे आमच्यासारख्याला विचार करूनच घ्यावी लागणारी वस्तू.

आवाजाचा स्वभाव सांगतो. हा हेडफोन गोड करून ऐकवत नाही. वरचे सूर टोकदार येतात, झांज आणि गाणाऱ्याचा 'स' कधी कधी टोचतो. बास आहे तेवढाच देतो, फुगवत नाही. गाणी ऐकत पडून राहायचं असेल तर हा घेऊ नका. पण एकावर एक चढवलेले थर वेगळे करून ऐकायचे असतील तर या किमतीत मला याच्या जवळपास जाणारं दुसरं काही मिळालं नाही.

पहिली परीक्षा 'सैराट'ची घेतली. सिनेमा आपल्या करमाळ्याकडचा, २०१६ चा, आणि त्याचं ऑर्केस्ट्रा अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केलेलं. 'याड लागलं' आम्ही स्टेजवर इतकं वाजवलंय की डोळे मिटून वाजेल. मी मात्र स्ट्रिंग्जचा एकच टोन लावून पूर्ण पट्टीभर कॉर्ड धरून ठेवायचो. हेडफोनवर कळलं की तिथं वरची व्हायोलिन एक चाल चालतात आणि खालचे चेलो स्वतःची वेगळी चाल धरतात. तेव्हापासून डावा हात वेगळा बसवला. काकांना ऐकवलं. गाणं संपेपर्यंत त्यांनी हेडफोन काढला नाही, आणि मग म्हणाले, "पुन्हा लाव."

पण ते गाणं झालं, आणि आमचा वाद पार्श्वसंगीताचा होता. ही दोन कामं वेगळी आहेत, हे राष्ट्रीय पुरस्कारांनीही मानलंय. २००९ च्या सिनेमांपासून गाण्यांना आणि पार्श्वसंगीताला नेमानं वेगळे पुरस्कार मिळू लागले, आणि त्या वर्षीचा पार्श्वसंगीताचा पुरस्कार इलयाराजांनाच होता. २०२१ च्या पुरस्कारांत गाण्यांसाठी 'पुष्पा'चे देवी श्री प्रसाद आणि पार्श्वसंगीतासाठी 'आरआरआर'चे कीरवाणी. पूर्व भागातल्या आमच्या गायकाला दोन्ही सिनेमे पाठ. तोही 'आरआरआर'चं संगीत म्हणजे ढोलांचा गडगडाट म्हणायचा. रामाच्या प्रसंगांत येणारा संस्कृत कोरस त्याला हेडफोनवर शब्दन् शब्द ऐकू आला. थेटरात तो सगळा तालाखाली दबला होता. यंत्रमाग चालू असलेल्या खोलीतून बाहेर आल्यावर शेजारच्याचं बोलणं समजू लागतं, तसं झालं.

काकांचा आरोप इथं मोडला. हल्लीच्या संगीतात काम नाही, हे खरं नाही. पण ऑक्टोपॅडवाल्याचंही मी सगळं मान्य करणार नाही. अनिरुद्धच्या 'जेलर'मधल्या हिरोच्या एंट्रीचे तुकडे नीट ऐकले. खालून सिंथेसायझरचा जाड सूर, वर तालाचा एकच तुकडा फिरत राहतो. थेटरात त्यानं अंगावर काटा येतो, हे खरंच. हेडफोनवर मात्र दोन-तीनदा ऐकल्यावर त्यात शोधायला नवीन काही उरलं नाही. माझ्या लेखी चांगल्या पार्श्वसंगीताची खूण हीच, दर वेळी आत आणखी काहीतरी सापडायला हवं.

याच्या उलट टोकाला 'फँड्री'. अलोकनंदा दासगुप्ता यांचं पार्श्वसंगीत, आणि कुठं थांबायचं याची केवढी समज! संगीत कमी आणि गावाचा आवाज जास्त. सूर सुरू होतो ती जागाच आपल्याला कळत नाही. 'तुंबाड' रात्री दिवा मालवून ऐकला. त्याचं पार्श्वसंगीत येस्पर किड या डॅनिश संगीतकाराचं, व्हिडिओ गेमच्या संगीतासाठी नावाजलेला माणूस. खालचे लांबलचक सूर जिथं घरच्या टीव्हीवर नुसते गुरगुरतात, तिथं इथं प्रत्येकाची जागा दिसते. हे दोन सिनेमे ऐकूनच माझे पैसे वसूल झाले.

मर्यादाही आहेत. छातीत बसणारा थेटरातला बास कुठलाही हेडफोन देऊ शकत नाही, आणि चहूबाजूंनी फिरणारा आवाज इथं दोन कानांत आवळून येतो. म्हणून संगीतकाराला शेवटचा निकाल द्यायचा तर सिनेमा आधी थेटरात बघा, हेडफोन नंतर. शिवाय कानाचे पॅड पातळ कातडीसारखे आहेत. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पाऊण तासातच कान घामानं भिजतात. मी अर्ध्या तासानं काढून कोरड्या सुती कापडानं पुसतो.

घ्यायचाच असेल तर एक सांगतो. या मॉडेलचा डुप्लिकेट माल खूप फिरतो. फारच स्वस्तात मिळाला तर संशय घ्या, पक्कं बिल मागा, आणि दुकानातच दोन्ही कानांचा आवाज सारखा आहे का ते ओळखीचं गाणं लावून तपासा. गाणं मात्र असं निवडा ज्यात स्ट्रिंग्ज आहेत, नुसता ताल नको.