बॉम्ब सूट, डिटेक्टर आणि वाळवंटातला उन्हाळा: वापरानंतरचा अनुभव

सामान बहुतेक चांगलं आहे. ते उन्हात वापरणारा माणूस आणि त्यातली बॅटरी, हे दोन्ही सामानाच्या आधी दमतात. माझा पुतण्या जिल्ह्याच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात आहे. त्याला फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगत आलो ते इथं एकदाच लिहून ठेवतो. मी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातून, निवृत्त झालो, आता केज तालुक्यात शेती बघतो. जैसलमेरकडचा अख्खा उन्हाळा हे सामान अंगाखांद्यावर वागवलंय. कंपन्यांची नावं लिहीत नाही.

आधी बॉम्ब सूट, म्हणजे बॉम्बजवळ जाताना अंगावर चढवायचा जाड संरक्षक पोशाख. हेल्मेट धरून वजन ३५ किलोच्या आसपास. संरक्षणाबद्दल तक्रार नाही. पण माणसाचं अंग थंड राहतं ते घाम वाळल्यामुळं, आणि या सुटात घाम भरपूर येतो, वाळत मात्र नाही. हेल्मेटातला पंखा काच धुरकटू नये म्हणून असतो, तो काही कूलर नव्हे. बाहेर ४६ अंश असले तर तोंडावर ४६ अंशांचाच झोत. शिवाय हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो. फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंशांची नोंद झाली तीही सावलीतलीच. उघड्या वाळूचा पृष्ठभाग दुपारी साठीच्या पुढे जातो आणि आपल्याला गुडघे टेकायचे असतात तिथंच. पुतण्या परवा म्हणाला, "तात्या, आमच्याकडं ४२ ला चक्कर येती, तुम्ही कसं काय केलं?" केलं म्हणजे पहाटे केलं, बाबा. आणि आत गेलेला माणूस नीट बोलतोय का, हे नंबर दोननं, म्हणजे मागं थांबलेल्या जोडीदारानं, सारखं ऐकत राहायचं. उत्तर तुटक यायला लागलं की त्याला परत बोलवायचं, त्याची इच्छा विचारायची नाही.

बर्फाचं पाणी नळ्यांतून फिरवणारं जॅकेट सुटाच्या आत घालायला मिळतं. बर्फ असेपर्यंत स्वर्ग. बर्फ वितळला की तेच जॅकेट नुसतं ओझं होतं. तिकडं बर्फ आणायचा कुठून, हा प्रश्न माहितीपत्रकात नसतो.

एक गोष्ट कुठल्याच चाचणीत सापडणार नाही, ती म्हणजे भुरट. थरच्या वाळूत हे गवत सगळीकडं. त्याची काटेरी बोंडं आपल्याकडच्या कुसळापेक्षा वाईट. सुटाच्या वेल्क्रोत ती घुसली की वेल्क्रो धरत नाही, आणि मग चिमट्यानं एकेक बोंड उपटत बसायचं. बोटांची चाळण होते. वर प्रत्यक्ष कामाला हात उघडेच लागतात, बोटाला स्पर्श कळायला हवा म्हणून. त्यात उन्हात पडलेली पक्कड उचलली तर हात भाजतो. अवजारांवर सुती फडकं टाकून ठेवायचं, यावर दुसरा इलाज नाही.

जमिनीतला धातू शोधणाऱ्या डिटेक्टरबद्दल लोकांचा अंदाज उलटा असतो. थरची वाळू बहुतांशी गारगोटीची, तिच्यात चुंबकीय खनिजं कमी, त्यामुळं डिटेक्टर शांत चालतो. खरा छळ आपल्या मराठवाड्यात होतो. आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली, तिच्यात मॅग्नेटाइट. मागं भावकीतल्या एका वहिनींचं डोरलं कापूस वेचताना रानात पडलं. कुणाकडून तरी साधा हौशी डिटेक्टर आणला. मशीन चालू केलं की ते बांधापासूनच ओरडायला लागलं, नुसत्या ढेकळावर. ग्राउंड बॅलन्स करून घेतल्यावर, म्हणजे मशीनला मातीचा संकेत सोडून द्यायला लावल्यावर, ओरड कमी झाली, पण मशीनची पोचही कमी झाली. डोरलं शेवटी वहिनींनाच पऱ्हाटीच्या बुडाशी दिसलं.

वाळवंटात अडचण खोलीची आहे. वाऱ्यानं टेकडी सरकते. आज बोटभर खाली असलेल्या वस्तूवर काही दिवसांत हातभर वाळू चढते आणि ती डिटेक्टरच्या पोचेबाहेर जाते. ऑपरेशन पराक्रमात, म्हणजे २००१-०२ मध्ये सैन्य सीमेवर आणलं होतं तेव्हा, पश्चिम सीमेवर पेरलेले सुरुंग नंतर उचलताना सॅपर्सनी मोठी किंमत मोजली. माणूस मारणाऱ्या सुरुंगात किमान ८ ग्रॅम लोखंडाइतका संकेत देणारं काही असलंच पाहिजे, असं १९९६ चा सुधारित आंतरराष्ट्रीय करार सांगतो. पण वर हातभर वाळू असली तर ८ ग्रॅमचं काय ऐकू येणार? शेवटी प्रॉडर, म्हणजे जमीन टोचून बघायची सळई, घेऊन पालथं पडणं आलंच.

रोबोटवर फार लिहीत नाही. पुण्याजवळ दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेनं केलेला 'दक्ष' जिने चढतो, ५०० मीटरवरून चालवता येतो. आमच्याकडं होता तो पट्ट्यांवरचा छोटा, परदेशी. कडक जमिनीवर उत्तम, भुसभुशीत उतारावर पट्टे जागीच फिरतात. आणि सांध्यांना ग्रीस लावायचा मोह टाळा. ग्रीसमध्ये वाळू बसली की ती पॉलिश पेपरचं काम करते. कोरडा रंगाचा ब्रश पुरे. काचेवरची धूळही आधी पाण्यानं ओघळू द्या. कोरडी पुसली तर ओरखडे पडलेच समजा.

आता पथकवाल्यांच्या कामाचं. घामानं भिजलेला सूट गाद्यांना ऊन दाखवतो तसा दोरीवर टाकू नका. आतला अ‍ॅरामिड धागा, म्हणजे संरक्षण देणारा मजबूत कृत्रिम धागा, उन्हानं कमजोर होतो. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. लिथियम बॅटऱ्या साधारण ४५ अंशांच्या वर तापमान असताना चार्ज करायच्या नसतात, आणि मे महिन्यात आपल्याकडच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त असतं. एका ठिकाणी हेल्मेटच्या बॅटऱ्या अशाच खोलीत चार्जिंगला लावलेल्या पाहिल्या. फुगून खोक्याबाहेर आल्या होत्या. पुतण्याला सांगितलंय, चार्जर साहेबांच्या केबिनमध्ये हलव, तिथं एसी आहे. साहेब अजून विचार करतायत.